बसस्थानक बन्नीमंटपला, पण प्रवासी कोठे? म्हैसूरच्या वाहतूक नियोजनाची कसोटी

म्हैसूर : विजयादशमीच्या दिवशी अंबाविलास राजवाड्यातून निघणारी जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरचे अंतर कापून बन्नीमंटप येथे पोहोचते आणि तेथील मैदानावर मशाल संचलनाने दसरा महोत्सवाची सांगता होते. ‘बन्नी’ म्हणजे शमी. महाराष्ट्रात आपट्याची पाने सोने म्हणून वाटून जे सीमोल्लंघन साजरे होते, त्याचेच हे कन्नड रूप होय. राजाने नगराची वेस ओलांडून शमीपूजन करावे, असा या प्रथेचा मूळ अर्थ. आज मात्र बन्नीमंटप वेशीबाहेर राहिलेले नाही. वेस त्याला ओलांडून केव्हाच पुढे गेली आहे. वसाहती, रुग्णालये, कारखाने, कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळाचे आगार आणि बंगळूरकडून येणारी अखंड वाहतूक यांनी हा परिसर वेढला आहे.

याच बन्नीमंटपमध्ये परिवहन महामंडळाच्या जागेवर नवे बसस्थानक उभारण्याची योजना राज्य सरकारने पुढे आणली आहे. राजवाड्याच्या परिसरातील उपनगरीय बसस्थानकावर बाहेरगावच्या गाड्यांचा जो ताण पडतो, तो हलका व्हावा, हा त्यामागील हेतू. हेतूबद्दल मतभेद असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो बसस्थानक हलविल्यावर प्रवाशाचे काय होते याचा. बस जेथे थांबते तेथे प्रवाशाचा प्रवास संपत नाही. त्याला पुढे रुग्णालयात, न्यायालयात, महाविद्यालयात, बाजारात किंवा रेल्वे स्थानकावर जायचे असते. म्हणून स्थानकाच्या इमारतीच्या आराखड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा ठरतो तो शहराच्या बसमार्गांचा नकाशा. तो आधी तयार झाला तर बन्नीमंटपचे स्थानक शहराला दिलासा देईल. तो मागे राहिला तर गर्दी फक्त एका चौकातून दुसऱ्या चौकात जाईल.

एका रस्त्यावर उभे असलेले शहर

म्हैसूरची रचना समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न उलगडत नाही. जुन्या शहराचा कणा म्हणजे कृष्णराज चौकातून उत्तरेकडे जाणारा सयाजीराव रस्ता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव म्हैसूरच्या या सर्वांत गजबजलेल्या रस्त्याला दिलेले आहे, ही मराठी वाचकासाठी आपुलकीची बाब. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ मध्ये जन्मलेल्या या राजाचे नाव दक्षिणेतील एका संस्थानी राजधानीच्या मुख्य रस्त्याला मिळावे, यातून त्या काळातील दोन सुधारणावादी संस्थानांचा स्नेह दिसतो. देवराज बाजार याच रस्त्यालगत आहे आणि जंबू सवारीही याच रस्त्याने बन्नीमंटपकडे जाते.

म्हैसूर हे नियोजनाच्या बाबतीत मागासलेले शहर कधीच नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९०३ मध्ये, म्हैसूर संस्थानाने आपल्या राजधानीसाठी नगर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन केले. बंगळूरला असे मंडळ मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले. रुंद रस्ते, प्रशस्त चौक आणि मोकळी मैदाने हे म्हैसूरचे वैभव त्या काळातील दूरदृष्टीचे फळ आहे. परंतु ती आखणी मिरवणुकीसाठी, टांग्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी होती. राजवाडा केंद्रस्थानी आणि रस्ते त्याच्या दिशेने, असे तिचे स्वरूप होते.

बसमार्गांनीही हेच स्वरूप उचलले. राजवाड्याजवळील शहर बसस्थानक हे केंद्र आणि तेथून चारी दिशांना जाणारे मार्ग, अशी म्हैसूरच्या शहर बससेवेची ठेवण आहे. चामुंडी टेकडीला जाणारी २०१ क्रमांकाची बस असो की औद्योगिक वसाहतींकडे जाणारी गाडी, बहुतेक मार्गांचे एक टोक याच स्थानकात बांधलेले असते. चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत तशी ही रचना. छोट्या शहरासाठी ती सोयीची असते, कारण एका ठिकाणी सर्व गाड्या मिळतात. शहर पसरू लागले की तिची मर्यादा उघडी पडते. उत्तरेकडील वसाहतीतून पूर्वेकडील वसाहतीत जाणाऱ्याला आधी मध्यभागी यावे लागते, गाडी बदलावी लागते आणि पुन्हा बाहेर जावे लागते. ज्यांना मध्यवर्ती भागात काहीच काम नाही, असे प्रवासीही मध्यवर्ती भागाची गर्दी वाढवीत राहतात.

२०११ च्या जनगणनेत म्हैसूर नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ९.९ लाख होती. त्यानंतर शहर बाह्यवळण रस्त्यापलीकडे झपाट्याने वाढले. सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा हा वर्तुळाकार रस्ता एकेकाळी शहराची बाह्य रेषा मानला जात होता. आज त्याच्या दोन्ही बाजूंना वस्ती आहे. लगतच्या नगरपालिका आणि नगर पंचायतींना सामावून बृहद् म्हैसूर महानगरपालिका करण्याचा प्रस्तावही पुढे आला आहे. १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लोकार्पण झालेल्या बंगळूर–म्हैसूर द्रुतगती महामार्गाने राजधानीचे अंतर वेळेच्या हिशेबात कमी केले आणि शहराच्या उत्तर प्रवेशद्वारावरील, म्हणजे बन्नीमंटपच्या बाजूच्या, वाहतुकीत भर घातली. महामार्गावर वाचलेली मिनिटे शहरात शिरताना खर्ची पडणार असतील, तर त्या गुंतवणुकीचा लाभ अर्धाच राहतो.

स्थानक हलविण्याचे गणित

बन्नीमंटपच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा असा की, बंगळूर, मंड्या, श्रीरंगपट्टण या दिशेने येणाऱ्या गाड्यांना जुन्या शहरात शिरण्याची गरज उरणार नाही. परंतु म्हैसूरला येणारे सर्व रस्ते उत्तरेकडून येत नाहीत. हुणसूर आणि मडिकेरीकडून येणारी वाहतूक पश्चिमेने येते. नंजनगूड, गुंडलुपेट आणि उटीकडील गाड्या दक्षिणेने येतात. एच. डी. कोटेकडील प्रवासी नैऋत्येकडून, तर टी. नरसीपूरकडील आग्नेयेकडून येतात. या सर्वांना बन्नीमंटप गाठायचे असेल तर एकतर शहर ओलांडावे लागेल, नाहीतर बाह्यवळण रस्त्याने वळसा घालावा लागेल. पहिल्या पर्यायात मध्यवर्ती भागाची सुटका होत नाही. दुसऱ्यात प्रवाशाचा वेळ आणि महामंडळाचे इंधन वाया जाते.

पुण्याचे उदाहरण येथे उपयोगी ठरते. पुण्यात एस.टी.ची तीन प्रमुख स्थानके दिशेनुसार विभागलेली आहेत. सातारा-कोल्हापूरकडील गाड्यांसाठी स्वारगेट, नाशिक आणि मराठवाड्याकडील गाड्यांसाठी शिवाजीनगर, तर मुंबईकडील गाड्यांसाठी पुणे स्टेशन. या विभागणीमुळे बाहेरगावची गाडी शहराच्या एका कडेला थांबते, पूर्ण शहर कापत नाही. मात्र तिची किंमत शहर बससेवेला मोजावी लागते, कारण तिन्ही स्थानके एकमेकांना आणि उपनगरांना जोडणारी सेवा अखंड असावी लागते. २०१९ च्या अखेरीस मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे स्थानक वाकडेवाडीला हलविण्यात आले. तात्पुरते म्हणून झालेले हे स्थलांतर अनेक वर्षे टिकले. दोन ठिकाणांतील अंतर फार नाही, तरीही सामान घेतलेल्या, वयस्कर किंवा शहराची माहिती नसलेल्या प्रवाशासाठी ते रिक्षाचे भाडे, चुकलेली जोडगाडी आणि मनस्ताप या रूपात मोजले गेले.

चेन्नईने हाच धडा अधिक मोठ्या प्रमाणावर घेतला. २००२ मध्ये तेथील बाहेरगावचे बसस्थानक शहराच्या मध्यातून कोयंबेडूला गेले. ३० डिसेंबर २०२३ रोजी दक्षिणेकडील गाड्यांसाठी त्याहूनही दूर, किलांबाक्कम येथे भव्य स्थानक सुरू झाले. स्थानकाची इमारत उत्तम होती, मात्र लगतचे उपनगरी रेल्वे स्थानक त्या वेळी तयार नव्हते. परिणामी पहिल्या काही महिन्यांत चर्चा इमारतीची झाली नाही, तर तेथून घरी कसे पोहोचायचे याची झाली. म्हैसूरच्या नियोजनकारांनी हा क्रम उलटा करण्याची गरज आहे. आधी जोडणी, मग स्थलांतर.

ही जोडणी आवाक्याबाहेरची नाही, हे साध्या हिशेबाने दाखविता येते. बन्नीमंटप ते राजवाडा परिसर हे अंतर पाच किलोमीटर धरू. बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर एका बाजूच्या प्रवासाला २० मिनिटे लागतात. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांचा थांबा धरला, तर एक फेरी ५० मिनिटांत पूर्ण होते. दर पाच मिनिटांनी गाडी सोडायची असल्यास अशा १० बस पुरेशा ठरतात. आता कोंडीमुळे वेग ताशी १० किलोमीटरवर आला असे समजू. एका बाजूला ३० मिनिटे आणि संपूर्ण फेरीला ७० मिनिटे लागतील. तीच पाच मिनिटांची वारंवारिता टिकवायला १४ बस लागतील. म्हणजे रस्त्यावरील कोंडीने महामंडळाच्या चार गाड्या, त्यांचे चालक-वाहक आणि इंधन गिळंकृत केले. प्रवाशाला त्यातून एक मिनिटही अधिक मिळाले नाही. बसला रस्त्यावर अग्रक्रम देणे ही प्रवाशांवरील मेहेरबानी नसून सार्वजनिक पैशाची बचत आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

गाड्यांच्या संख्येबरोबरच त्यांच्यातील अंतरही महत्त्वाचे असते. दर दहा मिनिटांनी नियमित बस येत असेल, तर थांब्यावर सहज आलेल्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच गाड्या कोंडीमुळे दोन-दोनच्या जोडीने वीस मिनिटांनी येऊ लागल्या, तर सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांवर जाते. कागदावर फेऱ्यांची संख्या तीच राहते, प्रवाशाची प्रतीक्षा मात्र दुप्पट होते. प्रवासी बसला ‘बेभरवशाची’ म्हणतात तेव्हा त्यांचा अनुभव बहुधा हाच असतो.

देशातील पहिल्या प्रयोगाचा वारसा

बसमार्गांच्या माहितीच्या बाबतीत म्हैसूरला एक विशेष इतिहास आहे. केंद्र सरकारचा शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्प, जागतिक पर्यावरण निधी आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने येथे बुद्धिमान वाहतूक यंत्रणा उभारण्यात आली. २०१२ मध्ये ती कार्यान्वित झाली, तेव्हा शहर बससेवेसाठी देशात अशा स्वरूपाचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता. सुमारे ५०० बसवर उपग्रहाच्या आधारे स्थान कळविणारी उपकरणे बसविली गेली. थांब्यांवर आणि गाड्यांमध्ये माहितीफलक लागले, पुढील थांब्याची ध्वनिघोषणा सुरू झाली आणि सर्व गाड्यांवर लक्ष ठेवणारा नियंत्रण कक्ष उभा राहिला. त्याच प्रकल्पाच्या साहाय्याने २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजनाही म्हैसूरने सुरू केली.

२०११ ची लोकसंख्या आणि २०१२ मधील बससंख्या यांचा ढोबळ मेळ घातला, तर दर हजारी साधारण अर्धी बस असे प्रमाण निघते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांनुसार हजारी ०.६ किंवा त्याहून अधिक बस असणे ही सर्वोत्तम श्रेणी, तर ०.४ ते ०.६ ही दुसरी श्रेणी. त्या काळातील अनेक भारतीय शहरांच्या तुलनेत म्हैसूरची स्थिती समाधानकारक होती, असे म्हणता येते. गाड्याही होत्या आणि त्यांची माहिती देणारी यंत्रणाही होती. तरीही प्रवाशाचा प्रश्न पूर्णपणे का सुटला नाही?

याचे उत्तर यंत्रणेच्या स्वभावात आहे. अशा प्रकल्पाचा खरा कस उद्घाटनानंतर लागतो. खांबावरील फलकाला वीज लागते, जोडणी लागते, बिघडल्यास दुरुस्त करणारा माणूस लागतो. मार्ग बदलला, थांबा हलला, नवी वसाहत जोडली की मूळ माहिती त्याच दिवशी सुधारावी लागते. हे काम दिखाऊ नसते, त्यासाठी उद्घाटन समारंभ होत नाहीत आणि अंदाजपत्रकात त्याला मोठे शीर्षकही मिळत नाही. यंत्र एकदा खरेदी करता येते. नकाशा मात्र रोज राखावा लागतो.

दुसरी अडचण माहितीच्या मालकीची. नियंत्रण कक्षाला गाडी कोठे आहे हे कळते, पण ती माहिती प्रवाशाच्या हातातील मोबाइलपर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते? २००५ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या परिवहन संस्थेने आणि गूगलने मिळून वेळापत्रक मांडण्याची एक समान पद्धत तयार केली. आज ती ‘जीटीएफएस’ या नावाने जगभर ओळखली जाते. थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्यावरील वेळ आणि सेवेचे दिवस, यांच्या साध्या तक्त्यांचा हा संच असतो. परिवहन संस्थेने तो खुला केला की कोणताही नकाशा किंवा अॅप त्यावरून प्रवाशाला मार्ग सुचवू शकते. दिल्लीत २०१८ मध्ये राज्य सरकार आणि इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून बसची अशी माहिती खुली केली. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांना ‘एआयएस-१४०’ मानकाचे स्थानदर्शक उपकरण आणि आपत्कालीन कळ बंधनकारक आहे. त्यामुळे माहिती निर्माण होण्याची अडचण आता उरलेली नाही. ती खुली करण्याच्या निर्णयाचीच काय ती प्रतीक्षा आहे.

नाव एक, ठिकाणे अनेक

बसचा नकाशा करणे हे रस्त्यांचा नकाशा करण्यापेक्षा अवघड असते, याचा प्रत्यय बन्नीमंटपमध्येच येतो. ‘बन्नीमंटप’ म्हटले की कोणाला मशाल संचलनाचे मैदान आठवते, कोणाला बस आगार, तर कोणाला ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ लेआउटमधील घर. ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी बसच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. ‘बन्नीमंटप’ अशी पाटी लावलेली गाडी यांपैकी नेमकी कोठे थांबेल, हे रोजचा प्रवासी जाणतो, नवखा जाणत नाही. नवे स्थानक झाल्यावर या नावाचा आणखी एक अर्थ निर्माण होईल.

याशिवाय थांब्याचे अधिकृत नाव वेगळे आणि लोकांच्या तोंडी असलेले वेगळे, हा अनुभव मुंबई-पुण्यापासून बेळगावपर्यंत सर्वत्र येतो. जातानाचा थांबा आणि येतानाचा थांबा रस्त्याच्या समोरासमोर असतोच असे नाही. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांवर तर परतीचा थांबा दुसऱ्याच रस्त्यावर असतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘मैसूर’चे ‘मैसूरु’ आणि ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ असे अधिकृत नामांतर झाले. नावे बदलली की पाट्या, तिकिटे, संकेतस्थळे आणि नकाशे एकाच वेळी बदलत नाहीत, आणि मधल्या काळात शोध घेणाऱ्याची गफलत होते. कन्नड, इंग्रजी आणि पर्यटकांच्या भाषा या साऱ्यांत एकच ठिकाण ओळखता यावे, यासाठी प्रत्येक थांब्याला कायमस्वरूपी सांकेतिक क्रमांक देणे हा सोपा उपाय आहे. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो.

दसऱ्याचा दिवस ही या नकाशाची वार्षिक परीक्षा म्हणता येईल. राजवाड्यापासून बन्नीमंटपपर्यंतचा शहराचा मुख्य रस्ता मिरवणुकीसाठी वाहनांना बंद होतो, लाखो लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात आणि बसमार्ग वळवावे लागतात. वाहतूक पोलीस दरवर्षी त्याची अधिसूचना काढतात. ही अधिसूचना वृत्तपत्रात येते, पण प्रवाशाच्या मोबाइलवरील नकाशाला ती कळतेच असे नाही. वर नमूद केलेल्या समान पद्धतीत अशा अपवादात्मक दिवसांची आणि तात्पुरत्या बदलांची नोंद करण्याची सोय आहे. विजयादशमी अचानक उगवत नाही. तिची तिथी पंचांगात वर्षभर आधी असते. त्या दिवसाचा वळविलेला बसनकाशा महिनाभर आधी प्रसिद्ध करणे सहज शक्य आहे. नवे स्थानक ज्या परिसरात येणार, तोच परिसर त्या दिवशी सर्वाधिक गर्दीचा असेल. त्यामुळे ही तयारी आता टाळता येण्याजोगी नाही.

नकाशा कोणासाठी

मोजणी आणि नकाशा यांच्याशी म्हैसूरचा संबंध जुना आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे म्हैसूरच्या सर्वेक्षणाचे काम सोपविले. पुढे हेच मॅकेन्झी भारताचे पहिले सर्वेक्षक-प्रमुख झाले. त्याच युद्धात सहभागी झालेल्या विल्यम लॅम्बटन यांनी दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची कल्पना मांडली आणि १८०२ मध्ये मद्रासजवळ त्या महान सर्वेक्षणाला प्रारंभ झाला. काम उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. ते सर्व नकाशे सत्तेसाठी, महसुलासाठी आणि सैन्याच्या हालचालींसाठी होते. रयतेने ते पाहावेत अशी अपेक्षाच नव्हती.

स्वतंत्र भारतातही नकाशांवर दीर्घकाळ निर्बंध राहिले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने भूस्थानिक माहितीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यास व वापरण्यास मोठ्या प्रमाणात मोकळीक दिली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. धोरण खुले झाले तरी शहराच्या पातळीवर प्रत्येक विभागाचा नकाशा अद्याप स्वतंत्र असतो. म्हैसूरमध्ये बस राज्याचे महामंडळ चालविते. शहरांतर्गत रस्ते आणि पदपथ प्रामुख्याने महानगरपालिकेकडे, नव्या वसाहतींची आखणी विकास प्राधिकरणाकडे, वाहतूक नियमन पोलिसांकडे आणि महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरील शहरांसाठी एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली होती, ती याच विखुरलेपणावर उपाय म्हणून. म्हैसूरने लोकसंख्येचा हा उंबरठा गाठला असताना येथे अशा समन्वयाची निकड निर्माण झाली आहे.

या नकाशाचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, हेही पाहिले पाहिजे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना सामान्य बसमधून मोफत प्रवास मिळतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत आहे. दोन्ही राज्यांत अशा योजनांमुळे बसमधील महिलांची उपस्थिती लक्षणीय वाढली. कर्नाटकात प्रत्येक महिला प्रवाशाला शून्य रकमेचे तिकीट दिले जाते आणि त्यावर चढण्या-उतरण्याच्या टप्प्याची नोंद असते. या नोंदी आज प्रामुख्याने सरकारकडून महामंडळाला मिळावयाच्या भरपाईच्या हिशेबासाठी वापरल्या जातात. त्यांचा उपयोग मागणीचा नकाशा काढण्यासाठीही करता येईल. बाई सकाळी घरातून मुलाच्या शाळेकडे, तेथून कामावर, परतताना बाजारात आणि मग घरी जाते. तिचा प्रवास सरळ रेषेत नसतो, तो छोट्या टप्प्यांचा असतो. केंद्राकडे जाणाऱ्या मार्गांची जुनी रचना अशा प्रवासाला अनुकूल नसते. तिला तिकिटाचे पैसे पडत नसले, तरी गाडी बदलण्याचा वेळ पडतोच. पुरुष प्रवाशाला वेळेबरोबर नव्या तिकिटाचे पैसेही मोजावे लागतात. स्थानक बन्नीमंटपला गेल्यावर एक अतिरिक्त बदल अटळ होणार असेल, तर बाहेरगावच्या तिकिटावरच शहर बसचा पुढील प्रवास समाविष्ट करणे न्याय्य ठरेल.

पंतप्रधान ई-बस सेवा योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. १६९ शहरांत १० हजार विद्युत बस आणण्याच्या या योजनेत म्हैसूरचाही समावेश आहे. विद्युत बस एका भारणात ठरावीक अंतर चालते, त्यामुळे आगार, भारण केंद्र आणि मार्गाची लांबी यांचा मेळ आधीच घालावा लागतो. बन्नीमंटपसारख्या मोठ्या आगाराचे महत्त्व त्यामुळे वाढते. नव्या गाड्या जुन्याच मार्गांवर सोडल्या, तर धूर कमी होईल, पण गाडी बदलण्याचा त्रास तसाच राहील. मार्गांची फेरआखणी करण्याची ही संधी आहे आणि ती दरवर्षी येत नाही.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

नव्या स्थानकाच्या आराखड्याबरोबर काही बाबी नागरिकांसमोर लेखी स्वरूपात यावयास हव्यात. कोणत्या दिशेच्या गाड्या बन्नीमंटपला येणार आणि कोणत्या जुन्या जागी राहणार? स्थानकापासून राजवाडा, रेल्वे स्थानक, प्रमुख रुग्णालये आणि विद्यापीठ परिसर यांना दर किती मिनिटांनी बस असेल, आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीने उतरणाऱ्यांची काय सोय? शहराच्या मध्यभागी न जाता बन्नीमंटपहून बाह्यवळण रस्त्याने पूर्व आणि पश्चिमेच्या वसाहतींना जोडणारे नवे मार्ग किती? सयाजीराव रस्त्यावर गर्दीच्या वेळी बसला अग्रक्रम मिळणार का? आणि थांबे, मार्ग, वेळा यांची माहिती खुल्या स्वरूपात कधीपासून मिळणार?

यांपैकी एकाही प्रश्नाला अवाढव्य खर्च लागत नाही. त्याला लागते ते पाच-सहा संस्थांनी एकाच नकाशासमोर बसणे. वारसा स्थळांनी वेढलेल्या म्हैसूरमध्ये रस्ते रुंद करण्यास मर्यादा आहेत. राजवाड्याभोवतीचा परिसर आणि देवराज बाजारासारख्या वास्तू हलविता येत नाहीत आणि हलवूही नयेत. अशा शहराला अधिक माणसे वाहून नेण्याचा एकच व्यवहार्य मार्ग उरतो, तो म्हणजे आहे त्या रस्त्यावर अधिक नियमित, अधिक सुबोध आणि अधिक विश्वासार्ह बस. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या महाराष्ट्रातील मध्यम शहरांपुढेही हाच प्रश्न कमी-अधिक फरकाने उभा आहे. नाशिकने २०२१ मध्ये ‘सिटीलिंक’ ही स्वतःची शहर बससेवा सुरू करून एक पाऊल टाकले. बाहेरगावची स्थानके आणि शहर बस यांची सांगड घालण्याचे काम मात्र सर्वत्र अपुरेच आहे.

त्यामुळे बन्नीमंटपमध्ये काय घडते याकडे म्हैसूरबाहेरच्या शहरांनीही लक्ष ठेवावयास हवे. स्थानकाचे यश त्याच्या फलाटांच्या संख्येवर किंवा दर्शनी भागाच्या भव्यतेवर मोजले जाऊ नये. मडिकेरीहून रुग्णालयात आलेला वृद्ध, मंड्याहून परीक्षेला आलेली विद्यार्थिनी आणि नंजनगूडहून बाजाराला आलेला शेतकरी यांना आपल्या मुक्कामी पोहोचण्यास पूर्वीपेक्षा कमी वेळ लागला की अधिक, एवढाच मापदंड पुरेसा आहे. ही वेळ स्थलांतरापूर्वी एकदा आणि स्थलांतरानंतर पुन्हा मोजून दोन्ही आकडे जाहीर करणे, ही शासनाकडून होऊ शकणारी सर्वांत प्रामाणिक तपासणी ठरेल.